एकच काजू

गोवा राज्य झाल्यावरची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. मत कसं द्यायचं ते शिकवायला श्रद्धाबाई पाळी गावच्या खाणीवर आल्या. सरावाच्या कागदावर आंबा आणि काजू अशी चित्रं होती. दादू मुकादमाने मजुरांना आधीच दम भरला, "काजूवरच शिक्का मारा! कोण आयकूक नाय, तां माका कळतलाच. मगे खाणीर येव नकात."

पहिलं मत त्यानेच टाकलं. मजुरांतल्या हौसाने पडद्याआड जीव मुठीत धरून आंब्यावर शिक्का मारला.

मोजणीत पहिलाच आंबा निघाला. मेले, माझाच तो! हौसा पुढच्या बाईआड सरकली. मग दुसरा आंबा, तिसरा, आंबेच आंबे. कोणी मान वर करेना.

शेवटी काजू निघाला, एकच. तेवढं एक मत कुणाचं, ते मात्र सगळ्यांना कळलं.