बिल्ला नंबर ७३१८

१९९६ च्या जानेवारीत सांगलीला तीन जिल्ह्यांतल्या शाळांची विज्ञान स्पर्धा भरली, आणि पहिल्याच दुपारी पोरांना प्रयोगांपेक्षा बिल्ल्यांचं वेड लागलं. प्रत्येक शाळेनं ओळखीसाठी आपापल्या मुलांना पत्र्याचे रंगीत बिल्ले दिले होते. पलूसच्या बिल्ल्यावर द्राक्षाचा घड होता, शिराळ्याच्या बिल्ल्यावर नाग. एका नागासाठी पोरं तीन-तीन बिल्ले द्यायला तयार होती.

दहिवडीहून आलेली आठवीतली दीक्षा तोरणे या अदलाबदलीत भलतीच पटाईत निघाली. संध्याकाळपर्यंत तिच्या स्वेटरवर अकरा बिल्ले झाले, त्यात एक नागही.

दुसऱ्या दिवशी सांगलीतल्याच एका शाळेची, पाचवीतली अक्षता तिच्यापाशी आली. "ताई, मला तो नाग दे ना. माझ्याकडं पितळी बिल्ला आहे. खऱ्या टॅक्सीवाल्याचा."

तिनं मूठ उघडली. दीक्षानं नंबर वाचला. ७३१८.

तिचे वडील, तात्या, मुंबईत टॅक्सी चालवायचे. वर्षातनं एकदा गावी आले की हाच बिल्ला तिच्या झग्याला लावायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्रं थांबली. आज्जी वारली तेव्हा केलेली तार 'इसम पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली. नानासो काकांनी मुंबई पालथी घातली. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून पोलिसांत द्यायचा अर्ज दीक्षानंच लिहिला होता: उंची, वर्ण, बिल्ला नंबर ७३१८.

तात्यांना कुणी मारलं की काय? "कुठं सापडला तुला हा?" तिनं कसंबसं विचारलं.

"सापडला कशाला? पप्पांचा आहे. आधी ते मुंबईत असायचे, महिन्याला यायचे. आता इथंच टेंपो चालवतात."

महिन्याला!

"पप्पांचं नाव काय तुझ्या?"

"मिलिंद तोरणे. का गं?"

दीक्षानं नागाचा बिल्ला काढून त्या पोरीच्या हातावर ठेवला. तेवढ्यात अक्षता ओरडली, "ते बघ, पप्पा डबा घेऊन आले!"

फाटकातून तात्याच येत होते. अंगानं भरलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. दीक्षाला पाहिलं आणि ते जागच्या जागी थिजले.

"पप्पा, ही ताई तुमचं नाव विचारत होती."

"ही... आमच्या गावाकडची हाय," ते म्हणाले.

तात्या मेले असतील, असं दीक्षानं कितीदा मनाशी धरलं होतं. पण ते समोर उभं राहून असं काही म्हणतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"व्हय, गावाकडचीच," ती म्हणाली. "तुमची थोरली लेक. आन् तात्या, आज्जी गेली. तुमाला तार केलती."

त्यांच्या हातातला डबा निसटला, भात फरशीवर सांडला. "आई?" एवढंच ते म्हणाले आणि तिथंच मटकन बसले. अक्षता त्यांचा खांदा हलवत रडायला लागली. दीक्षा वळली आणि पळत आपल्या शाळेच्या बाईंकडं गेली.

बाईंनी तिला संध्याकाळच्या एस.टी.नं घरी पोचवलं. सगळं ऐकून आईनं, रंगूबाईनं, पेटीतनं लग्नाचा फोटो काढला. सकाळी तिनं तो पदराखाली घेतला आणि नानासोंना म्हणाली, "चला."

अक्षताच्या शाळेतनं घराचा पत्ता मिळाला. दीक्षा बरोबर होतीच. दार अक्षताच्या आईनं उघडलं. डोळे सुजले होते. "ते न्हाईत. काल पोरीला दारात सोडलं आन् गेले, काई न सांगता. पोरगी कायबाय बोलती... तुमी कोण?"

रंगूबाईनं फोटो पुढं धरला. त्या बाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडं नेला, पुन्हा पुन्हा पाहिला. मग उंबऱ्यावरच खाली बसली.

"तुमाला कवापास्नं ठावं हाय?" तिनं विचारलं.

"कालपास्नं," रंगूबाई म्हणाली. "आन् तुमाला?"

"आत्ता," ती म्हणाली.

नानासो काहीतरी बोलायला लागले, पण रंगूबाईनं त्यांना हातानं थांबवलं आणि ती त्या बाईशेजारी उंबऱ्यावर टेकली.