काळ्या कबुतराची टोपली

मित्रांनो, आमच्या अंगणात आलात तर आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणांजवळ, ओसरीच्या खांबाला टेकलेली एक काळपट टोपली तुम्हाला दिसेल. तीच मी. वयाने साठीच्या पुढची. माझा काठ दोन ठिकाणी उसवला आहे आणि बुडाला नायलॉनच्या दोरीचे ठिगळ आहे.

आमचे उल्लुंग बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला डोंगरच. या घरचा मुलगा मानचुल दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी रानातल्या वेली आणून, उकडून, सोलून मला विणले. तेव्हापासून मी ओझीच वाहिली. उतारावरच्या शेतातले बटाटे, बर्फ वितळल्यावर डोंगरावर उगवणारी म्यंगीची लसणाच्या वासाची पाने, आणि शरद ऋतूत वाळवणाला निघालेले ओले माकूल मासे. बुन्नाम मानचुलशी लग्न होऊन या घरी आली तेव्हा तिने सगळ्यात आधी मलाच पाठीला लावले आणि म्हणाली, की हिला विणणारा माणूस मोठा कसबी असला पाहिजे. ते ऐकून सासरे दिवसभर खुशीत होते.

पुढे प्लास्टिकच्या पेट्या आल्या. त्या हलक्या, धुवायला सोप्या. मी रांजणांच्या मागे पालथी पडले. पंधरा वर्षे माझ्यावर पाऊस पडला, बर्फ साचला, कोळ्यांनी जाळी केली. मी कुणाला दोष देत नाही. ओझे वाहणारे दोघेही आता म्हातारे झाले होते.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आला. दोन दिवस वादळ झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी बुन्नाम आजी सोयाबीनच्या रांजणाचे झाकण काढायला आली आणि थबकली. माझ्या शेजारीच, रांजण आणि कुंपण यांच्या फटीत एक मोठे काळे कबूतर बसले होते. पिसे फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. आजी अगदी जवळ गेली तरी ते हलले नाही.

हे शहरातल्या चौकात दाणे टिपणारे कबूतर नव्हे. हे रानातले. हुबाक झाडांच्या दाट पानांत राहते आणि माणसाची चाहूल लागली की नाहीसे होते. आता सरकारने त्याला संरक्षित पक्षी ठरवले आहे. आजीने मला सुलटी केली, आतली जाळी पुसली, जुना टॉवेल अंथरला आणि दोन्ही हातांनी त्याला उचलून माझ्यात ठेवले.

मित्रांनो, मला पहिल्यांदा जाणवले ते त्याचे काळीज. वेलींच्या प्रत्येक वेढ्यातून ते मला ऐकू येत होते, इतके भरभर, की मोजू म्हटले तर मोजता येऊ नये. मी मणभर बटाटे वाहिले आहेत, पण असे काही माझ्या पोटात कधी धडधडले नव्हते.

आजीने गावच्या कचेरीत फोन केला. त्यांनी समुद्रापलीकडच्या, पोहांगच्या एका पशुवैद्य बाईंचा नंबर दिला. बाईंनी फोनवर चोच उघडून आत बघायला सांगितले. घशात पिवळट खपली दिसत होती. बाई म्हणाल्या, हा कबुतरांना होणारा घशाचा रोग आहे, औषधाने बरा होतो. उद्याच्या जहाजाने गोळ्या पाठवते. तोपर्यंत त्याला उबेत आणि अंधारात ठेवा, खपली ओढू नका, आणि चोचीच्या कडेने साखर-मिठाचे पाणी थेंब थेंब द्या. घाई केलीत तर पाणी श्वासात जाईल.

आजीची बोटे संधिवाताने वाकडी झालेली. त्या बोटांत ड्रॉपर धरवेना. तिने ओसरीवर बसलेल्या आजोबांना हाक मारली. मानचुल आजोबा उठले नाहीत.

"तूच कर," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही."

"माझ्यानं धरवत नाही, दिसतंय ना?"

"माझ्या हाताला नको गं ते. तुला माहीत आहे सगळं."

आजीला माहीत होते आणि मलाही. मला विणले त्याच वर्षी बटाट्याला कीड लागली होती. घरात मका संपला. मानचुलची धाकटी बहीण मालसुक तापाने अंथरुणाला खिळली आणि तिच्या अंगात उठून बसायचेही त्राण राहिले नाही. तेव्हा मानचुलने हुबाकच्या झाडांखाली फास लावायला सुरुवात केली. फळे पिकली की काळी कबुतरे तिथे येत. रोज दोन, कधी तीन. ती घरी आणायला मीच असायचे. अजून गरम असलेली, मान लोंबकळणारी ती पाखरे मी त्या उन्हाळाभर वाहिली. त्यांच्या रश्श्यावर मालसुक जगली. बहिणीला त्याने सांगितले होते, की शेजारच्या गावात कोंबड्या स्वस्त मिळतात. पुढे बटाटे पिकले, मानचुलने फास जाळून टाकले आणि त्या रानात पुन्हा कधी पाऊल टाकले नाही.

शेजारची गुमजा कुंपणावरून हे सगळे बघत होती. तिच्या जिभेला हाड नाही.

"काय भावोजी," ती म्हणाली, "एके काळी यांचे कर्दनकाळ होतात, आता दाई व्हायला लाज वाटते होय?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिले नाही. पण थोड्या वेळाने ते उठले, नळावर गेले आणि साबणाने हात धुतले. एकदा धुऊन त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी ते तीनदा धुतले. मग माझ्याशेजारी मांडी घालून बसले.

मी त्यांची बोटे ओळखली. त्या उन्हाळ्यात ती जशी पंखांखालून सरकत, एकही पीस न मोडता, तशीच आताही सरकली. अंगठा पाठीवर, दोन बोटे पायांमध्ये. कबुतराने एकदाही धडपड केली नाही. आजी बघतच राहिली. चोचीच्या कडेला एक थेंब आला, थांबला आणि आत गेला. आजोबांनी श्वास रोखून धरला होता. कबुतराच्या घशाखाली काहीतरी हलले तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला.

दुसऱ्या दिवशी जहाज आले नाही. लाटा उंच होत्या. तिसऱ्या दिवशीही नाही. आजोबा तासातासाला उठून थेंब देत. आजी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टॉवेलखाली सरकवी. कबुतराचे वजन कमी होताना मला कळत होते. काळजाची धडधड मधूनच अडखळे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका कुशीवर कलंडले. आजोबांनी ते सरळ केले आणि बंदराचा रस्ता दिसेल अशा जागी जाऊन उभे राहिले.  गुमजाने आपल्या घरचा मऊ टॉवेल आणून दिला.

चौथ्या दिवशी भोंगा वाजला. आजोबा बंदरावरून चढण चढून आले ते धापा टाकत, खिशातली पुडी हाताने घट्ट धरून. आजीने भाजीच्या सुरीने गोळीचे चार तुकडे केले. एक तुकडा जिभेच्या मागे ठेवायचा होता. आजोबांनी तो असा अलगद ठेवला, की चोच मिटल्यावर कबुतराला आत काही गेल्याचे कळलेही नसावे.

औषध सुरू होऊन तीन दिवस झाले. सकाळचे ऊन ओसरीवर आले होते. आजोबांनी माझ्यात पाण्याची वाटी ठेवली होती, उगाच, आशेने. कबूतर उठून उभे राहिले. त्याने मान लांब केली आणि उन्हात त्या काळ्या मानेवर आधी हिरवा रंग चमकला, मग जांभळा, मग दोन्ही. त्याने चोच पाण्यात बुडवली ती बुडवूनच ठेवली. कोंबडी घोटागणिक डोके वर करते. याने एका दमात, ओढ्याकाठच्या गुरासारखे, भरपूर पाणी ओढून घेतले.

आजोबा वाकून अगदी जवळ आले.

"बुन्नाम," ते म्हणाले, "मी एवढी मारली. पण ती पाणी कशी पितात ते आज बघितलं."

आजी त्यांच्या शेजारी बसली. दोघे त्या मानेकडे बघत राहिले. ढग आला की ती काळी होई, ढग सरला की पुन्हा रंग उजळत. इतकी वर्षे त्याच बेटावर राहून त्यांनी ते पाहिले नव्हते.

पुढच्या दिवसांत कबूतर भिजवलेले वाटाणे खाऊ लागले. आजीने हुबाकची जांभळी फळे आणून दिली, तीही त्याने अख्खी गिळली. एके दिवशी ते माझ्यात बसल्या बसल्या हंबरले. खरेच सांगते, दूरच्या गोठ्यात वासराने हंबरावे तसा तो आवाज होता. माझी एकूण एक वेल त्याने थरथरली. गुमजा धावत आली आणि आजीला विचारू लागली, की वहिनी, गाय कधी घेतलीत?

तीन आठवड्यांनी पशुवैद्य बाईंनी फोनवर सगळी चौकशी केली आणि आता सोडा म्हणाल्या. आजोबांनी मला छातीशी धरले आणि समुद्राकडच्या उतारावर, हुबाकच्या रानात नेले. तेच रान.  झाडांखाली मला ठेवून त्यांनी वरचे फडके काढले.

कबूतर उडी मारून माझ्या काठावर आले. त्याच्या लाल पायांची नखे वेलींत रुतली. मग पंखांचा फटका बसला, माझ्यातला वारा एकदम उपसला गेला आणि ते निघाले. आम्हाला वाटले झाडावर बसेल. ते झाडांवरून सरळ पुढे गेले, कड्यापलीकडे, मोकळ्या समुद्रावर. खाली निळे पाणी आणि वर तो एकच काळा ठिपका. रानातून आणखी दोन पक्षी उठले आणि त्याच्यामागे गेले. मोठे वळण घेऊन तिघेही पुढच्या कड्याच्या झाडीत उतरले. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. ती परत घालायचे त्यांना भान नव्हते. मी आयुष्यभर जे वाहिले ते कुणीतरी हाताने काढून घेतले. माझ्यातून आपणहून वर उठलेले ओझे तेवढे एकच.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी पोहांगला राहणाऱ्या मालसुकला फोन लावला आणि त्या कोंबड्यांबद्दलचे खरे सांगितले. फोन ठेवून ते माझ्याशेजारी येऊन बसले. आजीने विचारले, काय म्हणाली?

"म्हणाली, दादा, मला तेव्हाच कळलं होतं. वाडग्यात काळं पीस निघालं होतं. तुला आणि आईला वाईट वाटू नये म्हणून मी ते चटईखाली सरकवलं." त्यांनी माझ्या उसवलेल्या काठावरून बोट फिरवले. "आणि म्हणाली, मी ते अजून जपून ठेवलंय."

आता आजोबांनी माझा काठ विणायला घेतला आहे. बेटावर कुणाला पाखरू पडलेले सापडले तर लोक आमच्याकडे येतात आणि 'कबुतराची टोपली' मागतात.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात कधी असा पाहुणा येईल. त्याला हळूच उचला, ऊब द्या, अंधार द्या, त्याच्या घशात पाणी ओतू नका आणि जाणत्या माणसाला लगेच विचारा. आणि पूर्वी कधी तुमच्या हातून कुणा पाखराला दगड लागला असेल, तर म्हणून मागे राहू नका. हात धुऊन या, आणि जवळ बसा.