भिंतीवरची वायर

आमच्या कंपनीला ऑफिस नाही, सगळे घरूनच काम करतात. मॅनेजर रामप्रसाद सर लातूरला, सायली इंदूरला, मी, सत्यशीला, युसूफ वडगाव नावाच्या खेड्यात आणि माझ्या भिंतीपलीकडे रविराज. हा माझा सख्खा चुलत भाऊ. त्याचे वडील सुंदरराव आणि माझे वडील बबनराव यांची बोअरच्या पाण्यावरून बोलचाल बंद आहे, इतकी की त्यांच्याकडच्या मयतालाही आम्ही गेलो नाही.

कंपनीला यातलं काही ठाऊक नाही. चॅटवर रविराज लिहितो, "सत्यशीला मॅडम, हे एकदा तपासाल का?" मी लिहिते, "नक्की, रविराज सर." मग बोळात तोच मला बघून थुंकतो. मीही काही कमी नाही, आमचं सांडपाणी मी नेमकं त्याच्या मोटारसायकलखाली सोडते. त्याची आई, म्हणजे माझी चुलती छबुबाई, दिवसभर भिंतीला तोंड लावून आमच्या सात पिढ्या उद्धरते. मीटिंगच्या ॲपमध्ये नको तो आवाज गाळायचं एक बटण आहे. ते पंख्याचा, कुत्र्याचा आणि चुलतीचा आवाज सारखाच गाळतं. ज्यानं ते बनवलं त्याचं भलं होवो.

घरी मी रविराजचं नाव काढलेलं नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना कळलं असतं, तर नोकरी त्याच दिवशी बंद. आणि नोकरी बंद म्हणजे लग्न. परळीचं एक स्थळ टपून बसलंय. मुलगा तिथल्या वीजकेंद्राची राख विकायच्या धंद्यात. बघायला आला तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या टीव्हीकडेच जास्त बघत होता. नोकरी आहे तोवर मी नाही म्हणू शकते. तेवढंच माझं बळ.

त्या दिवशी अकरा वाजता गिऱ्हाईकाला काम दाखवायचं होतं. पहिला भाग माझा, दुसरा रविराजचा, आणि तो त्याच्याच लॅपटॉपवर. हे गिऱ्हाईक गेलं तर तुमच्या दोघांच्याही जागा राहणार नाहीत, असं सरांनी बजावलं होतं. गावातला मोबाईलचा टॉवर परवापासून बंद होता. सगळी भिस्त घरात येणाऱ्या इंटरनेटच्या वायरवर.

मीटिंगच्या जरा आधी चॅटवर रविराजच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आठवलं, दुसरा भाग त्याच्याच लॅपटॉपवर आहे. बाहेर येऊन बघते तर अण्णा शिडीवर, हातात पक्कड.

"त्येंची वायर आपल्या भितीवरून कावून जाती? तोडली," अण्णा खुशीत म्हणाले. "बसा म्हणावं आता बोंबलत."

पलीकडे बोंब उठलीच होती. रविराज तुटलेली वायर हातात घेऊन उभा होता आणि छबुबाई अण्णांच्या नावानं शंख करत होती. मी धुण्याच्या दगडावर चढले.

"रविराज," मी हाक मारली. दोन्ही अंगणं माझ्याकडे बघायला लागली. "माजं वायफाय घे. बबनराव नावाचं दिसंल. पासवर्ड..."

आणि माझी जीभ अडकली. पासवर्ड मीच ठेवला होता, चुलतीच्या शिव्यांनी डोकं फिरलं होतं तेव्हा. पण आता लाजायला वेळ नव्हता.

"सुंदरराव चोर," मी म्हणाले. "इंग्रजीत. सगळं जोडून."

छबुबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रविराजचे डोळे लाल झाले. दात चावत त्यानं विचारलं, "पयलं अक्षर मोठं हाय का ल्हान?"

"ल्हान."

"तुमचं समदंच ल्हान," तो म्हणाला आणि आत पळाला.

काम उत्तम दाखवलं गेलं. गिऱ्हाईक खूश झालं. रामप्रसाद सर म्हणाले, "काय जमतं तुमचं दोघांचं! एकदा अंबाजोगाईला वगैरे भेटा की."

"नक्की सर," रविराज म्हणाला.

लॅपटॉप मिटला तेव्हा दारात अण्णा उभे होते.

"त्या घरच्या पोरासंगं काम करतीस?"

"हो. वर्ष झालं."

"झालं तेवढं बास. परळीकरांना होकार कळवतो." त्यांनी शिडी फिरवून लावली आणि माझी वायर पक्कडीत धरली. मी शिडीला लटकले. "अण्णा, नगा!" मी रडत ओरडले. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

तेवढ्यात भिंतीवरून काठी आली आणि काठीमागं छबुबाई.

"बबन्या, हात काढ! त्या वायरीवर माज्या लेकराची नोकरी चालू हाय. तोडलीस तर शिडीसकट खाली घीन. आन् ही सटवी बी हितंच बसून काम करंल, कुटं जायची न्हाई!"

अण्णा लहानपणी या थोरल्या वहिनीच्याच हातचं जेवून मोठे झालेत. ते मुकाट्यानं खाली उतरले. होकार काही कळवला नाही.

तेव्हापासून छबुबाईनं बाज भिंतीलगत ओढून घेतली आहे. पडल्यापडल्या वायरवर नजर ठेवते आणि आम्हाला शिव्या देते. काल चॅटवर रविराजचा निरोप आला, "सत्यशीला मॅडम, आमची नवीन वायर पुढच्या आठवड्यात येईल. तोवर कृपया पासवर्ड बदलू नये."

"नक्की, रविराज सर," मी लिहिलं.

ती नवीन वायर कधीच येऊ नये असं मला वाटतं. ती आली की चुलती बाज उचलून आत नेईल. आणि अण्णांनी पक्कड अजून पेटीत ठेवलेली नाही. ती त्यांच्या उशाशीच आहे.