नावाचं भाडं

लाल नेलपॉलिशची बाटली. चिकटपट्टीवर ओळीने लावलेले बारीक स्क्रू. फोनच्या काचेवर एका माणसाचा हसरा फोटो. काउंटरपलीकडे एक परकी बाई, बसा म्हटलं तरी उभीच.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने झाकण उघडून आत पाहिलं. हातून गेलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात, झाकणाच्या आत, तो नेलपॉलिशचा ठिपका ठेवी. इथे ठिपका नव्हता. स्क्रूंची डोकी खरवडलेली, शटरवर तेल सांडलेलं.

"हे माझं काम नाही."

बाईने फोन पुढे केला. वेबसाइट त्याच्या नावाची, फोटो त्याचाच. पार्सल पाठवायचा पत्ता तेवढा भलताच. नवऱ्यामागे राहिलेला कॅमेरा तिने तिथे पाठवला होता, तो असा परत आला. म्हणून विचारत विचारत ती दुकानापर्यंत आली होती.

कॅमेरा ठेवून ती गेल्यावर दुकानाचा हिशेब बघणाऱ्या लेकीने समजावलं. वेबसाइटच्या नावाची मुदत संपली, पुढचे पैसे भरले गेले नाहीत, कुणीतरी ते उचललं आणि जुनी पानं तशीच चिकटवली. तो म्हणाला, आपण तर रोख पैसे देऊन घेतलं होतं. ती म्हणाली, तसं कुणालाच मिळत नाही. दरवर्षी भरत राहायचं.

"म्हणजे माझ्याच नावात मी भाडेकरू?"

"सगळेच असतात, बाबा."

"मग बाहेर काढताना माझं थोबाड तरी परत द्यायचं."

लेक हसली नाही. तक्रार करता येईल, ती म्हणाली, पण नाव परत मिळेलच असं नाही. मग हळूच म्हणाली, "त्यापेक्षा आता बंदच करू या ना."

त्याने दिवा जवळ ओढला. स्क्रूड्रायव्हर घसरला, पुन्हा घसरला. उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरून तो काम करत राहिला. बाईकडून पैसे घ्यायचे नाहीत, त्याने सांगून टाकलं. फसली ती त्याच्या नावाला.

संध्याकाळी त्याने काडीने आत लाल ठिपका ठेवला. ठिपका पसरला.

"असे अजून किती येतील गं?"

तो उठला आणि येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी एक फळी रिकामी करू लागला.

मुदत संपत आल्याच्या सूचना लेकीच्या फोनवर आल्या होत्या, तिने त्या वाचल्याही होत्या. त्याच आठवड्यात त्याच्या हातून पहिल्यांदा गिऱ्हाइकाची लेन्स पडून फुटली होती.