बाटलीभर पांढरं पाणी

मी बाळाला दूध पाजायची बाटली बोलतेय. काचेची आहे, अजून कुठे तडा नाही.

चेंबूरच्या वसुधाबाईंनी मला त्यांच्या मुलासाठी आणलं. तिथे मला रोज उकळत्या पाण्यातून काढायचे. तो मुलगा मोठा झाला आणि मी कपाटात पडून राहिले.

त्यांच्याकडे भांडी घासायला शेवंती यायची. तिच्या नवऱ्याची, गुणाजीची, गिरणी ब्याऐंशीच्या संपात बंद पडली होती. घरी तान्ही प्रेमा होती. "बाटली ने गं, उरलेली पावडरही ने," वसुधाबाई मायेने म्हणाल्या.

अशी मी घाटकोपरच्या डोंगरावर आले. शेवंती कामावर गेली की गुणाजी लेकीला मांडीवर घेऊन मला तिच्या तोंडाला लावायचा. पिंपातलं पाणी तसंच ओतायचा. स्टोव्हला रॉकेल नव्हतं, मग मला उकळणार कशावर?

"वायच पाणी जास्त घाल," तो शेवंतीला सांगायचा. "डबो म्हयनोभर पुरवूक व्हयो."

पाणी पांढरं दिसायचं. प्रेमा ते पिऊन गप्प व्हायची. पुढे तिला सारखे जुलाब होऊ लागले. हातपाय काटकुळे झाले, पोट तेवढं फुगलं. शेजारणी म्हणायच्या, "बघ, पोट कसं भरलंय!" मग ती रडेनाशी झाली. शेवंतीला वाटलं, पोर शहाणी झाली.

दवाखान्याच्या नर्सबाई सुलक्षणा वस्तीत आल्या, तेव्हा त्यांनी मला उजेडात धरलं.

"हे दूध आहे? अंगावरचं का तोडलंस गं?"

"ताई, पाजत घरी बसले तर चुलीवर काय ठेवू? आणि मीच उपाशी, तर दूध येणार कुठून?"

नर्सबाईंनी प्रेमाचा दंड चिमटीत धरून बघितला. मग हळूच म्हणाल्या, "दुष्काळी देशांतली अशी पोरं मी फोटोत बघितलीत. इथे तर खालच्या बाजारात धान्याची थप्पी लागलीय."

त्यांनी तशीच रिक्षा बोलावून प्रेमाला इस्पितळात नेलं. शेवंती परत आली ती एकटीच. गुणाजी दारातच खाली बसला. मला कुणी फेकलं नाही. चांगली काच कोण फेकतं?

काल शेजारची वनमाला मला मागायला आली. तिचं बाळंतपण नुकतंच झालंय, तिचाही नवरा संपातलाच.

"नाही देणार," शेवंती ओरडली. "अंगावर पाज त्याला!"

"उद्यापासून साकीनाक्याला पॅकिंगला जायचंय गं. दिवसभर काय पाजू?"

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मला फळीवरून काढून तिच्या हातात दिलं.

"निदान उकळून घे."

वनमाला मला पदराखाली घेऊन तिच्या घरी आली.

मला फोडून काही होणार नाही, बाबांनो. मी गेले तर दुसरी बाटली येईल. या बायांच्या ताटात आधी काहीतरी वाढा, लेकराला पाजण्याएवढं तरी त्यांना घरी बसू द्या. जरा लवकर करा. वनमालाने माझं झाकण उघडलंय, आणि ती पिंपाकडे निघालीय.