मुतखड्याचं सोंग

आश्रुबाला मुतखडा झालाय ही बातमी पाली गावात खुद्द आश्रुबानंच पसरवली. पारावर, सोसायटीत, दूध घालायला गेला तिथं. ज्याला विचारायचं नव्हतं त्यालाही थांबवून सांगितलं. गाठ कॅन्सरची होती आणि ती कुठं होती हे चारचौघांत बोलायची त्याला लाज वाटत होती. मुतखडा मात्र इज्जतदार दुखणं. गावातल्या निम्म्या पुरुषांना तो होऊन गेलेला, आणि प्रत्येकाला त्याचा भलताच अभिमान.

मग काय, रीघ लागली. कुणी पानफुटीची पानं आणली, कुणी कुळथाचं पाणी. एकानं तर आपला पडलेला खडा पुडीत जपून ठेवला होता, तो दाखवायला आणला. छबुबाई चहा करून करून वैतागली. ओसरीवर माणसं खड्याच्या गप्पा मारायची, आश्रुबा माना डोलवायचा, आणि आत चुलीपुढं तिचा जीव नुसता जळायचा. बरं, तोंड उघडायची सोय नव्हती. "कुणापाशी बोललीस तर बघ," असा नवऱ्यानं दम भरलेला.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. लघवीला त्रास होतोय म्हणून पोरानं, बजरंगनं, बापाला धरूनच बीडला नेलं होतं. रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला निघाला, तिथून पुण्याला धाडलं तेव्हा तीही बरोबर गेली, तिथं फोटो झाले, सुईनं तुकडा काढून तपासला. पुण्याचे डॉक्टर तरणे होते, पण समजावून सांगायची हौस भारी. म्हणाले, "काका, प्रोस्टेटमध्ये गाठ आहे, पण आतल्या आतच आहे. बाहेर, हाडात वगैरे पसरलेली नाही. आता काढली की बहुतेक सुटलात. घाबरून जाऊ नका, पण वर्ष-सहा महिने घालवूही नका."

ऑपरेशन रोबोटनं होणार म्हटल्यावर आश्रुबा खुर्चीत ताठ झाला.

"म्हंजी तुमी न्हाई करणार? यंत्र करणार?"

"मीच करणार. मी शेजारी पडद्यापुढं बसून हात हलवणार, तसे त्याचे हात आत हलणार. पोट फाडायचं नाही, चार-पाच बारीक भोकं फक्त. माझा हात थरथरला तरी त्याचा थरथरत नाही."

"आन् मधीच लाईट गेली तर?"

डॉक्टर हसले नाहीत, हे छबुबाईला फार आवडलं. जनरेटर आहे, बॅटरी आहे, सगळं नीट सांगितलं. मग ते म्हणाले, "आता ऑपरेशननंतरच्या त्रासाबद्दल बोलू," आणि आश्रुबा तिच्याकडं वळून म्हणाला, "तू जरा भाईर बस."

ती बाहेर बसली. पुढं काय होणार ते डॉक्टरनं नवऱ्याला सांगितलं, पोरानं ऐकलं, पोरानं मान खाली घालून बायकोला सांगितलं, आणि रोहिणीनं, म्हणजे सुनेनं, भाकरी थापता थापता सासूला सांगितलं. जिचा त्या गोष्टीशी सगळ्यात जास्त संबंध, तिला सगळ्यात शेवटी! काही महिने लघवी थांबणार नाही, पॅड बांधावं लागेल. आणि नवरा-बायकोचं जे असतं ते पहिल्यासारखं राहीलच असं नाही. लवकर सापडलंय म्हणून डॉक्टर नसा वाचवायला बघणार होते, पण खात्री देत नव्हते.

सोमवारी भरती व्हायचं ठरलं होतं. आणि शुक्रवारी आप्पांनी मधे तोंड घातलं.

आप्पा म्हणजे हरिबा, आश्रुबाचा थोरला भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. छबुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून आप्पांपुढं तिचा पदर कधी डोक्यावरून ढळला नाही, की त्यांच्याशी ती कधी समोरासमोर बोलली नाही. बोलायचंच झालं तर दाराआडून, तेही पोराच्या तोंडून.

"मुतखड्याला कुणी पुण्याला जातंय का बे?" आप्पा ओसरीवर गरजले. "यंत्रापुढं आडवं पडायलाय! घाटनांदूरला एक माणूस हाय, पुड्या देतो. सहा महिने घ्यायच्या, खडा पार विरघळून जातो. सोमवारी तिकडंच जायचं. मी येतो संगट."

आणि आश्रुबा काय म्हणाला असेल? "आप्पा म्हणतेत तर बघू."

छबुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. नवरा स्वतःच्याच थापेच्या आड दडून बसला होता. आप्पांना काय, ते बिचारे खड्यालाच औषध सांगत होते. पण ह्याला तर माहीत होतं ना! संध्याकाळी तो जेवायला आत आला तसं तिनं ताट समोर आदळलं.

"खडा न्हाई तर पुड्या कशाच्या खाता?"

"हळू बोल."

"सहा महिन्यांत ती गाठ भाईर पसरली तर? मग कुणाच्या नावानं बोंबलायचं मी?"

"तुला काय कळतंय गं? पोरासारखं कापड बांधून हिंडू? आन् तुझ्या काय कामाचा राहीन मी? मर्दपणा घालवून जगायचं, त्यापरीस हाय ते बरं हाय."

"मला काय पायजे ते मला इचारलं का तुमी?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली बघून खात राहिला. बजरंगनं मधे पडून बघितलं, तर "तू आप्पापरीस शहाणा झाला का?" म्हणून त्याला उडवून लावलं. दवाखान्यातून फोन आला, येणार की नाही ते पक्कं सांगा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल. बजरंगनं "येतो" म्हणून सांगितलं खरं, पण बापाकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

सोमवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली. ओसरीवर आप्पा, आश्रुबा आणि वाटेला लावायला आलेली चार-पाच माणसं चहा पीत बसली होती. बजरंग चावी हातात घेऊन नुसता उभा. आतल्या दारात छबुबाई आणि तिची जाऊ वच्छलाबाई, आप्पांची बायको.

"चला, उशीर नगं," आप्पा म्हणाले. "घाटनांदूरला गर्दी असती."

छबुबाईनं पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि उंबरा ओलांडून ओसरीवर आली. सरळ आप्पांच्या पुढ्यात.

"आप्पा, ह्यांना मुतखडा न्हाई. कॅन्सर हाय."

बशा जागच्या जागी थांबल्या. आश्रुबा ताडकन उठला. "बजरंगच्या माय! आत हो आधी!"

"न्हाई होत. लई झालं आत बसणं." तिनं पदर आणखी घट्ट धरला. "मुताच्या पिशवीखाली प्रोस्टेट असतंय, त्यात गाठ हाय. आता काढली तर निघती. आपरेशन झाल्यावर काही दिस मूत थांबत न्हाई, कापड बांधावं लागतंय. मी बांधीन. दुसरं बी काही ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई. ते मला चालतंय. ऐकलं का सगळ्यांनी? मला चालतंय! ह्यांना मसणात न्यायचं ते चालत न्हाई मला."

कुणी तिच्याकडं बघेना. आलेली माणसं चपला शोधायला लागली, एकेक करून पांगली. आश्रुबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याची मान लाजेनं लाल झाली होती, आणि छबुबाईला त्याची कीव आली, रागही आला, दोन्ही एकदमच आलं.

आता आप्पा फाडकन बोलतील, ह्या तयारीनं ती उभी होती. पण आप्पा बशीतल्या चहाकडं बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात, पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले.

"ती रगताची तपासणी... आकडा वाढला की हेच असतंय का?"

"कावून इचारता?"

"माझा बी वाढला व्हता. दोन वरसाखाली. बीडचे डॉक्टर म्हणले पुण्याला जा, तुकडा तपासा. मी न्हाई गेलो. असल्या जागी सुई टोचून घ्यायची म्हंजी... घाटनांदूरच्या पुड्या मीच खातो."

आश्रुबा गर्रकन वळला. "आप्पा! मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू तरी कुठं सांगितलं मला?"

दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत असं छबुबाईला वाटलं. एका ताटात जेवून मोठे झालेले भाऊ, आणि एकमेकांपासून दुखणं लपवत बसले होते! पण आप्पांचा चेहरा बघून तिला ओरडवेना.

"आता काही त्रास हाय का तुमाला?" तिनं विचारलं.

"कंबर दुखती. लई दुखती. हाडातून दुखल्यावानी." आप्पांनी बशी खाली ठेवली. "वच्छलीला सांगू नका. भेईल ती."

वच्छलाबाई दारातच उभी होती. ती हळूच बाहेर आली, नवऱ्याजवळ जाऊन खाली बसली आणि आपल्या दोन्ही हातांकडं बघत राहिली.

"रोज सांजच्याला ह्यांच्या कमरंला तेल मीच चोळती," ती छबुबाईला म्हणाली. "मला म्हणलेत, पोतं उचललं म्हून दुखती."

मग आश्रुबा पुढं झाला. त्यानं थोरल्या भावाला बगलेत हात घालून उठवलं आणि गाडीकडं चालवत नेलं.

"बजरंग, पुण्याला घे," तो म्हणाला. "आन् हळू चालीव. खड्ड्यात आप्पाला दणका बसू देऊ नको."