तक्रारदार बेबाबाई

शिपायानं पुकारा केला, "बेबाबाई जीवराम चौधरी विरुद्ध..." आणि पुढे त्या कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. जळगावच्या ग्राहक आयोगाच्या दालनात मागच्या बाकावर बसलेल्या बेबाबाई जागच्या हलल्या नाहीत. इतक्या माणसांत आपलं नाव कुणी मोठ्यानं घेईल, आणि तेही आधी आपलं, मग कंपनीचं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. कंपनीचं नाव मात्र ओळखीचं होतं. तिची खोकी उलगडून त्या धान्याच्या कोठ्यांखाली अंथरत, त्यामुळे इंग्रजीचं एक अक्षर येत नसूनही ते नाव त्यांना दुरून कळायचं.

उभा राहिला तो त्यांचा मुलगा कुंदन.

"तक्रारदार कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मीच, मॅडम. म्हणजे नाव आईचं आहे, पण सगळं मीच बघतो."

"ऑर्डर कुणाच्या नावानं होती?"

"आईच्या."

"पैसे कुणाच्या खात्यातून गेले?"

"आईच्याच," कुंदन म्हणाला, जरा खालच्या आवाजात.

"मग त्यांना पुढे येऊ द्या."

आता नाव आईचं कसं लागलं, तर ती सगळी कुंदनच्या चिक्कूपणाची करामत. कंपनी नव्या ग्राहकाला पहिल्या खरेदीवर थोडी सूट द्यायची. ती सूट या पठ्ठ्यानं स्वतःच्या नावानं घेतली, बायकोच्या नावानं घेतली, सासऱ्यालाही सोडलं नाही. घरात कोरं नाव एकच उरलं होतं. घर, गॅस, भडगावकडचा शेताचा तुकडा, कशालाच ते कधी लागलं नव्हतं.

पण वस्तू खरंच बेबाबाईंना हवी होती. त्यांना घरघंटी घ्यायची होती, भाकरीसाठी कळण दळायला. पिंप्राळ्यातला चक्कीवाला सुपडू त्यांचा डबा सगळ्यांच्या शेवटी लावायचा. ज्वारी-उडदाचं ते दळण झालं की पुढच्याच्या गव्हात काळपट कण येतात, लोक भांडतात, असं त्याचं म्हणणं. बेबाबाई तासन्‌तास डब्यावर हात ठेवून बसून राहत. घरी घंटी आली तर कळणाचं पीठ दळून कॉलनीत विकायचं, हे त्यांनी कधीपासून मनात धरलं होतं. अशात एका दुपारी कुंदनच्या मोबाईलवर अठरा हजारांची घरघंटी अठराशेला दिसली.

पैसे भरले. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज आला. बेबाबाईंनी खाट सरकवून जागा केली, वायरमनला बोलावून प्लग बसवून घेतला, आणि सुपडूला जाऊन सांगून आल्या की आता आमचा डबा यायचा नाही. चार दिवसांनी ऑर्डर रद्द. पैसे महिनाभर अडकले आणि तीच घरघंटी त्याच पानावर पुऱ्या किमतीला झळकू लागली. बेबाबाई पुन्हा डबा घेऊन चक्कीवर गेल्या. सुपडू नुसता हसला. ते हसणं त्यांना फार लागलं. कुंदननं मग त्यांच्याच नावानं आयोगाकडे तक्रार टाकली.

कंपनीचा वकील पुण्याहून आला होता. तो म्हणाला, संगणकावर एक शून्य गळलं. कुठल्याही समंजस माणसाला ही चूक दिसली असती.

"बेबाबाई," अध्यक्षबाईंनी विचारलं, "भाव बघून तुम्हाला काय वाटलं होतं?"

रिक्षात बसल्यापासून कुंदननं घोकवून घेतलं होतं, "माय, सेल वाटना म्हन." बेबाबाईंनी पदर नीट केला आणि वर पाहिलं. वकील बोलायचा थांबला होता. टंकलेखकाची बोटं अधांतरी थबकली होती. सगळं दालन आपल्या तोंडाकडे बघतंय हे पाहून त्यांना भरून आलं. घरी त्या बोलू लागल्या की कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं. एवढी शांतता करून ऐकणाऱ्यांसमोर खोटं कसं बोलायचं, हे त्यांना काही जमेना.

"कमी वाटनं," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, काहीतरी चुकेल शे."

कुंदननं डोळे मिटून घेतले.

"मग तुमची तक्रार काय आहे?"

"बाई, चूक मानूसनी व्हस. मीबी कधी मीठ दोनदा टाकस. पन त्यास्नी पैसा लिधा, पक्कं शे म्हनीसन सांगं. मी खाट सरकाई, चक्कीवालाले सांगी उनू. आनि त्यास्नी रद्द करी टाकं. एक शून्य गयं, हाई सांगानं व्हतं. मी समजी लेतू. माले कोनी इचारंच नही."

अध्यक्षबाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या असाव्यात. त्यांना शब्द न्‌ शब्द कळला. त्या टंकलेखकाला म्हणाल्या, "घ्या. ऑर्डर रद्द करण्यापूर्वी तक्रारदारांना विचारणा झाली नाही." मग वकिलाकडे वळल्या. "झाली होती?"

वकिलानं कागद चाळले, पुन्हा चाळले. "नाही," तो म्हणाला.

बेबाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. जिच्या गाड्या गल्लीत दिवसभर खेपा घालतात ती एवढी थोरली कंपनी उभी राहून आपल्याला उत्तर देते आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना.

पुढच्या तारखेला निकाल लागला. किमतीतली चूक उघड होती, म्हणून त्या भावानं घरघंटी द्या असं आयोगानं म्हटलं नाही. पण पैसे घेऊन, ऑर्डर पक्की कळवून, न विचारता रद्द करणं आणि महिनाभर रक्कम अडकवणं ही सेवेतली कसूर ठरली. नुकसानभरपाई म्हणून घरघंटीच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम बेबाबाईंच्या खात्यात जमा झाली.

त्या संध्याकाळी कुंदन खाटेवर बसून मोबाईल चाळत होता. "माय, यामा थोडा पैसा टाकीसन मोठा टीव्ही लेऊत," तो म्हणाला, आणि त्याचं बोट खरेदीच्या बटणाकडे निघालंसुद्धा.

"कुंदन," बेबाबाई म्हणाल्या, "पहिले माले इचार."

आवाज चढवला नव्हता. दालनात बोलल्या तशाच त्या बोलल्या. कुंदनचं बोट थांबलं. तो जरा ओशाळून म्हणाला, "काय लेवानं मंग?"

बेबाबाईंना या प्रश्नाची सवय नव्हती. त्यांनी त्या रिकाम्या प्लगकडे पाहिलं.

"घरघंटी," त्या म्हणाल्या. "बाकीना पैसा मन्ही भिशीना. मन्हाच नाववर कर."

"आते तुन्हा नाववर सूट भेटत नही, माय."

"ऱ्हाऊ दे."

"आनि त्याच कंपनीकडथून?"

"हो," बेबाबाई म्हणाल्या. "त्यास्ले मन्हं नाव माहीत शे."